शस्त्र परवाना आणि पात्रतेची पडताळणी: कोल्हापूरच्या संदर्भात पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात बंदुकीच्या परवान्याचा विषय दोन निमित्तांनी वारंवार चर्चेला येतो. निवडणूक जाहीर झाली की शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात, आणि राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात गवे व रानडुकरे उभ्या पिकात उतरली की शेतकऱ्याला ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीची आठवण होते. दोन्ही वेळी परवाना लागतो याबद्दल कोणाची तक्रार नसते. तक्रार असते ती माणूस परवान्यास लायक आहे की नाही हे ठरवण्याच्या पद्धतीबद्दल.

ही पद्धत मुळात अविश्वासातून आली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळातील 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीय माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून वगळले. म्हणजे लायकीची पहिली कसोटी वंशाची होती. कोल्हापूर संस्थानात 1844 चे गडकऱ्यांचे, म्हणजे किल्ल्यांवरील वंशपरंपरागत शिबंदीचे, बंड आणि 1857 मधील 27 व्या पलटणीचा उठाव यांमुळे शस्त्रधारी माणसाकडे संशयाने पाहण्याला त्याआधीच कारण मिळालेले होते. 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता, पण पुढे राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत तो आला नाही.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम 1959 मध्ये झाला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्याच्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असे झुकते माप आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असेही कलम 14 सांगते, आणि अल्पभूधारकाच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. मात्र त्याच कलमात अर्जदार ‘कोणत्याही कारणाने’ अयोग्य वाटल्यास नकार देण्याची मुभा आहे. कारणे लेखी नोंदवावीत आणि मागितल्यास त्यांचे थोडक्यात निवेदन द्यावे, हे बंधन सोबत घातले आहे. पण लोकहिताला बाधक वाटल्यास तेही न देण्याची सोय आहे. न्याय्यतेचा सगळा वाद या दोन टोकांच्या मध्ये चालतो.

1983 च्या दुरुस्तीने जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल या प्रक्रियेच्या केंद्रस्थानी आला. 2016 च्या नियमांनी त्यासाठी 30 दिवसांची, आणि अहवाल मिळाल्यानंतर निर्णयासाठी 60 दिवसांची मुदत घातली. शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावे लागते. अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याचा अधिकार परवाना प्राधिकाऱ्याला, म्हणजे कोल्हापुरात जिल्हादंडाधिकाऱ्यांना, आहे. ‘शिफारस नाही’ असा शेरा असलेला कागद समोर असताना उलट निर्णय घ्यायला मात्र बरेच धैर्य लागते, हे उघड आहे.

या अहवालात सर्वाधिक अडचणीची ठरते ती प्रतिबंधक कारवाईची नोंद, म्हणजे बोलीभाषेतील ‘चॅप्टर केस’. शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून देण्याचा आदेश झालेल्या व्यक्तीला कलम 9 शस्त्र बाळगू देत नाही, पण केवळ त्या बंधपत्राच्या मुदतीपुरते. नुसती नोटीस निघाली आणि आदेश झालाच नाही, तर ही मनाई लागूच होत नाही. ऊसदरासाठी महामार्गावर बसलेल्या शेतकऱ्याच्या नावावर अशी नोटीस किंवा बेकायदा जमावाचा प्रलंबित गुन्हा असणे या जिल्ह्यात नवलाचे नाही. त्याची आणि हत्यार घेऊन दहशत माजवणाऱ्याची नोंद अहवालात एकाच रकान्यात येते, हा माझ्या मते पडताळणीतला खरा दोष आहे. केवळ गुन्हा प्रलंबित आहे म्हणून परवाना रद्द करता येत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे.

निवडणुकीच्या बाबतीत स्थिती थोडी बरी आहे. सरसकट जमा करण्याऐवजी जिल्हादंडाधिकारी व पोलिस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहावे, जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले आणि दंगलीत सामील झालेले परवानाधारक निवडावेत, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. स्पर्धांत भाग घेणाऱ्या नेमबाजांना त्यातून सूट आहे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे यांच्या जिल्ह्यात ही सूट कागदापुरती राहून चालणार नाही.

राधानगरीला आणखी एक गाळणी आहे. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 ने आवश्यक केली आहे. म्हणजे ज्या गावात गव्याचा उपद्रव सर्वाधिक, तिथेच पीकसंरक्षणाचा परवाना सर्वांत अवघड. वन्यजीवांच्या दृष्टीने ते रास्त असले, तरी त्यात अर्जदाराच्या लायकीचा काहीच संबंध नसतो, आणि नकार मिळालेल्याला तसे सांगितले तरी पाहिजे.

परवाना निलंबित वा रद्द करण्यापूर्वी म्हणणे ऐकून घ्यावे, असे कलम 17 स्पष्टपणे सांगत नाही; सुनावणीची हमी आहे ती कलम 18 खालच्या अपिलात. ते विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे पुण्याला, करावे लागते आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नाही तर मूळ आदेश तोवर लागूच राहतो. त्यापुढची मुंबई उच्च न्यायालयातली दाद मात्र 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच, सर्किट बेंचसमोर मागता येते.