बालशिक्षणाचे प्रमाणपत्र म्हणजे अर्धी डी.एड. नव्हे

पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातील बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरोघर एक सल्ला ऐकू येतो: ‘डी.एड.ला नंबर लागला नाही तर बालवाडीचे सर्टिफिकेट करून घे, पहिली-दुसरीला तरी शिकवता येईल.’ या सल्ल्याचा उत्तरार्ध साफ चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून वर्ष व फी दोन्ही घालवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

डी.एड. म्हणजे काय हे सीमाभागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, आताचे अधिकृत नाव डी.एल.एड., त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा आणि मग प्राथमिक शाळा, एवढे पुरे. गोंधळाचे एक मूळ मात्र तिच्या जुन्या नावात आहे. कर्नाटकात हाच अभ्यासक्रम पूर्वी टीसीएच, म्हणजे ‘टीचर्स सर्टिफिकेट हायर’, या नावाने ओळखला जाई. आपल्याकडील कित्येक गुरुजींनी तेच ‘सर्टिफिकेट’ घेऊन जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवले. त्यामुळे ‘कॉलेजचे सर्टिफिकेट’ हे शब्द कानावर पडले की ज्येष्ठांना टीसीएच आठवते, आणि नातीला सल्ला देताना ते निःशंक असतात.

दुसरे मूळ अधिक खोल आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला. त्यात शाळेपूर्वीची तीन वर्षे आणि इयत्ता पहिली व दुसरी येतात. मूल सहाव्या वर्षी एकाएकी बदलत नाही, म्हणून शिक्षणाच्या दृष्टीने हा विचार मला पूर्णपणे पटतो. परंतु प्रवेशाच्या जाहिरातींमधून त्याचा भलताच अर्थ काढला जातो: स्तर एक, म्हणून पात्रताही एक. प्रत्यक्षात धोरण शिकवण्याच्या पद्धतीचा आराखडा देते, तर शिक्षकाची पात्रता कायद्याने ठरते. २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या आधारे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता जाहीर केली. त्या यादीत प्राथमिक शिक्षणाची पदविका, म्हणजे डी.एल.एड., आहे, पात्रता परीक्षा आहे, परंतु बालशिक्षणाचे प्रमाणपत्र नाही. पूर्वप्राथमिक शिक्षकांसाठी परिषदेची स्वतंत्र दोन वर्षांची पदविका आहे, पण तीही पहिलीच्या वर्गाचे दार उघडत नाही.

‘वर्ष कमी, म्हणून पदवी लहान, पण त्याच वाटेवरची’ ही समजूत सोडली तरच हे नीट कळते. बी.एड.चे उदाहरण घ्या. २०१८ साली परिषदेने बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली, कारण लहान वर्गांना शिकवण्याचे प्रशिक्षण त्या पदवीत नसते. म्हणजे लोक जिला वरची पायरी समजतात, तीही येथे चालत नाही. वयोगट बदलला की काम बदलते आणि तयारीही बदलते.

हे उलट दिशेनेही खरे आहे, आणि ते कोणी बोलत नाही याचे मला अधिक वाईट वाटते. डी.एड. झालेली व्यक्ती पाठाचे टाचण काढण्यात आणि विषय टप्प्याटप्प्याने मांडण्यात तयार होते. बालशिक्षणाच्या चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनी मुलाचे निरीक्षण नोंदवायला, माती, मणी, गाणी व गोष्टी यांतून हात आणि भाषा घडवायला, आहार व लसीकरणाकडे लक्ष द्यायला आणि आयांशी बोलायला शिकते. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन मुळाक्षरे गिरवून घेणे हे शिक्षण नव्हे, असे मी ठामपणे म्हणतो. बालशिक्षणाचे काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मराठीतून ही दृष्टी दिली असताना आपणच बालवाडीला ‘मुले सांभाळण्याची जागा’ म्हणावे, हे मला सहन होत नाही.

अंगणवाडीसाठीचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र कोणीही करू शकते, हा घोळ त्या मानाने किरकोळ आहे. धोरणात सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राचा उल्लेख आहे तो सेवेत असलेल्या, बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या कार्यकर्तींसाठी. कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. येथे प्रमाणपत्र अधिक शिकलेल्यांचे आणि पदविका कमी शिकलेल्यांची आहे, त्यामुळे नावावरून दर्जा ठरवू नये. कागदावर ‘मॉन्टेसरी’ छापलेले असल्यानेही काही सिद्ध होत नाही, कारण ते नाव कोणीही वापरू शकते.

सीमेपलीकडे कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला जाऊन शिकणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची शिक्षक पात्रता परीक्षा वेगवेगळी आहे.

ज्यांना खरोखर तीन ते सहा वर्षांच्या मुलांमध्येच काम करायचे आहे, त्यांनी प्रमाणपत्र जरूर करावे. मात्र फी भरण्यापूर्वी बालवाडीत प्रत्यक्ष किती आठवडे काम करायला मिळेल आणि ती बालवाडी कोणत्या भाषेची असेल, हे विचारावे. खानापूरच्या एखाद्या गावातले मूल घरी मराठी बोलते, अंगणात कन्नड ऐकते आणि दोन्हीतले शब्द एकाच वाक्यात घेऊन येते. त्या मुलाचे बोलणे न तोडता ऐकायचे कसे, हे पुस्तकातून येत नाही. ज्या संस्थेत सगळा अभ्यास वर्गात बसूनच पुरा होतो, तिचे प्रमाणपत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.