ब्रिटनची हीट नेटवर्क आणि ‘लो-कार्बन’ची सरकती व्याख्या

लंडनमधल्या नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेला माणूस पहिल्यांदा बॉयलर शोधतो आणि तो सापडत नाही. दाराजवळच्या कपाटात पत्र्याची एक पेटी असते, तिच्यात शिरणारे दोन जाड पाइप आणि एक मीटर. ऐन जुलैतही पाइपाला हात लावला तर गरम लागतो, कारण नळाला गरम पाणी बाराही महिने लागतं. हे पाणी तळघरातून किंवा दोन गल्ल्यांपलीकडच्या एनर्जी सेंटरमधून येतं. एका ठिकाणी तापवलेलं पाणी पाइपांनी अनेक घरांना पोचवणाऱ्या या व्यवस्थेला हीट नेटवर्क म्हणतात. तिथे ते कशावर तापवायचं, हा प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत तीनदा तरी नव्याने सोडवावा लागला.

कल्पना जुनीच आहे. १९५० मध्ये बॅटरसीच्या वीजकेंद्रातली वाया जाणारी उष्णता थेम्सच्या खालून पलीकडे पिमलिकोतल्या घरांना द्यायला सुरुवात झाली. पुढे नॉटिंगहॅम आणि शेफील्डने कचरा जाळून शहराचा काही भाग तापवला, साउथॅम्प्टनने जमिनीखालचं गरम पाणी वापरलं. पण उत्तर समुद्राचा स्वस्त गॅस घरोघरी पोचला आणि प्रत्येक स्वयंपाकघरात स्वतःचा बॉयलर लागला. डेन्मार्कने तेलसंकटानंतर १९७९ मध्ये कायदाच केला. कुठल्या भागात कशाने घरं तापवायची ते ठरलं आणि जोडणी सक्तीची करण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. ब्रिटनमध्ये जोडणी ऐच्छिक राहिली. पुढच्या बऱ्याच अडचणी इथूनच सुरू होतात.

२०१३ मध्ये ऊर्जा खात्यात एक छोटा कक्ष उघडला. स्थानिक कौन्सिलांना नकाशे, मास्टरप्लॅन आणि व्यवहार्यता अहवालासाठी बाहेरच्या सल्लागारांच्या खर्चाचा ६७ टक्क्यांपर्यंत वाटा हा कक्ष देणार होता. त्यापुढच्या टप्प्याला ‘कमर्शियलायझेशन’ म्हणतात. नावावरून नफ्याची गोष्ट वाटते, पण काम कागदोपत्री असतं: नेटवर्कची मालकी कौन्सिलची की खासगी कंपनीची, पाइप कोण पुरणार, दर कसे ठरणार, रुग्णालय किंवा विद्यापीठासारखा मोठा ग्राहक लेखी हमी देणार का. ही हमी नसेल तर रस्ता खणायला कोणी पैसे घालत नाही, आणि रस्ता खणला जाणार हे दिसल्याशिवाय रुग्णालय सही करत नाही. बरेच प्रकल्प या पेचात वर्षानुवर्षं अडकले. ते अडकलेले असताना पायाखालची ‘लो-कार्बन’ची व्याख्या बदलली.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक माहितीपत्रकं त्यावरून घाईने पुढे जातात. त्या काळातल्या बहुसंख्य आराखड्यांच्या मध्यभागी गॅसवर चालणारं सीएचपी इंजिन होतं, जे एकाच वेळी वीजही देतं आणि उष्णताही. साखर कारखान्याचं को-जन पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको, फरक इतकाच की तिथे बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जळतं आणि इथे जीवाश्म गॅस. मग ते लो-कार्बन कसं? इंजिनाने बनवलेली वीज ग्रिडमधल्या तेवढ्याच विजेची जागा घेते, म्हणून ग्रिडचं वाचलेलं उत्सर्जन इंजिनाच्या खात्यात जमा करायचं, असा हिशेब होता.

आकडे मांडून पाहू. १०० युनिट गॅसमधून ३८ युनिट वीज आणि ४२ युनिट उष्णता देणारं इंजिन धरा. इमारतींच्या २०१२ च्या अधिकृत गणनापद्धतीत गॅसचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन युनिटमागे २१६ ग्रॅम होतं आणि ग्रिडच्या विजेचं ५१९. विजेची जमा वजा केली की उष्णतेच्या युनिटमागे जेमतेम ४५ ग्रॅम उरत. घरातल्या चांगल्या बॉयलरचा आकडा २४० च्या आसपास, म्हणजे इंजिन डोळे झाकून पास. पण कोळसा गेला, पवनऊर्जा आली आणि त्याच गणनापद्धतीच्या पुढच्या आवृत्तीत विजेचा आकडा २३३ वर आला. तेच इंजिन, तोच गॅस, आणि उत्तर आता २९० ग्रॅमच्या जवळ, म्हणजे बॉयलरपेक्षाही वाईट. त्यानंतरच्या आवृत्तीत वीज १३६ ग्रॅमवर उतरली. तेव्हा तर या हिशेबाने हे इंजिन लो-कार्बन ठरेना.

यात कोणी फसवलं असं म्हणता येणार नाही. पण ग्रिड स्वच्छ करणं हे सरकारचंच जाहीर धोरण होतं, तेव्हा हा आकडा घसरणार हे २०१३ मध्येही दिसत होतं. तरीही सरकारच्या ३२ कोटी पौंडांच्या भांडवली निधीच्या निकषांत, तीन चतुर्थांश उष्णता सीएचपीची असेल तर नेटवर्क पात्र ठरत होतं. याच निधीचा मुख्य टप्पा सुरू होत होता तेव्हा, जानेवारी २०१९ पासून, लंडनच्या नियोजन यंत्रणेने विकासकांना नवे आकडे वापरायला सांगितलं. एका दारातून पात्र आणि दुसऱ्या दारातून अपात्र, असं काही काळ चाललं.

अडचण फक्त कार्बनची असती तर इंजिन बदलून भागलं असतं. सीएचपीची वीज शेजारच्या इमारतींना थेट तारेने विकता येई आणि प्रकल्पाचं गणित बऱ्याचदा त्या कमाईवर उभं असे. इंजिनाच्या जागी उष्मापंप, म्हणजे विजेवर चालून बाहेरची हवा, पाणी किंवा जमिनीतली उष्णता ओढून घेणारं यंत्र, आला की वीज विकणारा प्रकल्प वीज विकत घेणारा होतो, तेही गॅसच्या काही पट दराने. घेतलेल्या विजेच्या तिप्पट उष्णता देणारा पंप १३६ ग्रॅमच्या विजेवर युनिटमागे साधारण ४५ ग्रॅम सोडतो. म्हणजे कागदावरचा आकडा घसरणीच्या आधीच्या सीएचपीइतकाच, पण ताळेबंद उलटा. मार्च २०२२ मध्ये उघडलेल्या पुढच्या निधीने, २८.८ कोटी पौंडांच्या, हे मान्य केलं: ग्राहकाला पोचलेल्या उष्णतेच्या युनिटमागे कमाल १०० ग्रॅम ही मर्यादा घातली आणि उरलेली भांडवली तूट भरून द्यायची तयारी दाखवली.

त्याच वर्षी गॅस भडकला. नेटवर्कचालक गॅस व्यापारी दराने घेतात, त्यामुळे घरगुती वीज-गॅसला असलेली दराची कमाल मर्यादा त्यांच्या ग्राहकांना लागू नव्हती. शेजारच्या इमारतीत स्वतःचा बॉयलर असलेल्याला संरक्षण, आणि ‘हरित’ नेटवर्कवरच्या भाडेकरूच्या हातात कितीतरी मोठं बिल, तेही पुरवठादार बदलायची सोय नसताना. स्पर्धा यंत्रणेने २०१८ मध्येच या क्षेत्राला नियामक हवा असं म्हटलं होतं. कायदा २०२३ मध्ये झाला आणि वीज-गॅसच्या नियामकाकडे हे काम जानेवारी २०२६ पासून आलं.

याच कायद्याने इंग्लंडमध्ये झोन आखायचा अधिकार दिला: ठरलेल्या भागातल्या ठरावीक इमारतींना ठरावीक मुदतीत जोडणी बंधनकारक. लीड्स, ब्रिस्टल, शेफील्ड, प्लिमथ यांची नावं पहिल्या तुकडीत आहेत. डेन्मार्कने १९७९ मध्ये केलं ते हेच. रुग्णालयाच्या सहीसाठी थांबलेल्या प्रकल्पांना हमीचा प्रश्न यापुढे कदाचित पडणार नाही. तळघरात आधीच बसवलेल्या इंजिनांचं काय करायचं, तो खर्च कोणाच्या बिलात धरायचा, हे मात्र प्रत्येक नेटवर्कच्या करारात वेगवेगळं लिहिलेलं आहे.