सीटीएलए-४ आणि पीडी-१: ब्रेक दोन, जागा वेगळ्या

कॅन्सरवरची इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडणं, असं सरसकट सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण ब्रेक एक नाही. सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे टी पेशींवरचे, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचे, दोन वेगळे ब्रेक. इपिलिमुमॅब हे औषध सीटीएलए-४ सोडवतं. निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब पीडी-१. सीटीएलए-४वर काम करणारे जेम्स ॲलिसन आणि पीडी-१ शोधणारे तासुकू होन्जो यांना २०१८चं नोबेल एकत्र मिळालं, तेव्हापासून तर ही जोडी एकाच दमात उच्चारली जाते.

सीटीएलए-४चा मामला मुख्यतः लिम्फ नोडमधला, टी पेशी पहिल्यांदा जागी होतानाचा. नुसता अँटिजेन (परक्या किंवा बिघडलेल्या पेशीची खूण) ओळखून टी पेशी कामाला लागत नाही. तिच्यावरच्या सीडी२८ या रेणूला, ती खूण आणून दाखवणाऱ्या डेन्ड्रिटिक पेशीवरच्या बी७ रेणूची साथ लागते. सीटीएलए-४ त्याच बी७ला सीडी२८पेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि ती साथ तोडतो. इपिलिमुमॅबने तो झाकला की नव्या टी पेशींची फौज उठते. अडचण अशी की, त्यातल्या सगळ्याच कॅन्सरच्या गाठीवर जाणाऱ्या नसतात.

पीडी-१ची गोष्ट थेट गाठीत घडते. आत शिरलेली टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडते आणि त्यालाच उत्तर म्हणून गाठीच्या पेशी अंगावर पीडी-एल१ हा रेणू चढवतात. तो टी पेशीवरच्या पीडी-१ला जोडला गेला की ती थंडावते. म्हणजे पीडी-एल१ दिसणं हा बऱ्याचदा हल्ला झाल्याचा पुरावा असतो. काही कॅन्सरमध्ये पीडी-१चं औषध ठरवताना बायोप्सीवर त्याची टक्केवारी बघतात ती यासाठी. मात्र ती एका तुकड्यातली टक्केवारी असते. शून्य आली म्हणून औषध लागू पडणारच नाही असं नाही. गाठीत टी पेशीच नसतील, तर मात्र हा ब्रेक सोडून फारसं काही हाती लागत नाही.

कुठला ब्रेक किती मोठा, हे उंदरांनी दाखवलं. जन्मतः सीटीएलए-४ नसलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत मरतात. पीडी-१ नसलेल्यांना स्वप्रतिकाराचे आजार होतात, पण उशिरा आणि सौम्य. औषधांचंही तसंच. पसरलेल्या मेलानोमात (त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये) एकटं इपिलिमुमॅब दर किलोला ३ मिलिग्रॅम, तीन आठवड्यांच्या अंतराने, चारच डोस देतात. पेम्ब्रोलिझुमॅब २०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, अनेकदा दोन वर्षांपर्यंत चालतं.

इपिलिमुमॅबमध्ये मोठ्या आतड्याची आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची सूज जास्त. पीडी-१च्या औषधांत थायरॉइड आणि फुप्फुसं. दोन्ही एकत्र दिली तर गंभीर त्रास बराच वाढतो. नेहमीपेक्षा दिवसाला चार-सहा जुलाब जास्त होऊ लागले, तर लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध घेऊन वाट बघत बसू नये: जुलाब दबतात, सूज चालूच राहते. संसर्ग तपासून स्टेरॉइड सुरू करतात, साधारण रोज दर किलोला १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि चार ते सहा आठवड्यांत हळूहळू उतरवतात. घाईने बंद केलं की त्रास उलटतो.

सगळ्यात फसवा प्रकार थकव्याचा. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) वाढलेला आणि टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) कमी असेल तर बिघाड थायरॉइडमध्ये. टी४ कमी असूनही टीएसएच वाढलेला नसेल, सोबत डोकेदुखी असेल, तर शंका पिट्युटरीची. अशा वेळी सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे पिट्युटरीच्याच इशाऱ्यावर बनणारं दुसरं हार्मोन, आधी बघायचं. तेही कमी असेल तर त्याची भरपाई करणारं हायड्रोकॉर्टिसोन आधी, टी४ची भरपाई करणारं थायरॉक्सिन नंतर. हा क्रम उलटला तर थायरॉक्सिन उरलंसुरलं कॉर्टिसॉलही वेगाने संपवतं आणि रुग्णाचा रक्तदाब कोसळू शकतो.