वणवा आणि सड्यांवरचे सरीसृप

सह्याद्रीच्या माथ्यावरचे आणि कोकणातले जांभ्याचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी, सपाट कातळपठारे, दिवाळीनंतर वाळत जातात. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत तिथे वणवे लागतात. यांतले बहुतेक माणसानेच लावलेले असतात. जाळले की पुढचे गवत जोमाने येते, असा समज आहे. कधी राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरलेली जमीन, भाजताना आग हातची सुटते आणि डोंगर चढते.

वाळल्या गवताची आग वाऱ्याबरोबर झपाट्याने पुढे सरकते, त्यामुळे तिची धग जमिनीत खोल उतरत नाही. बिळातला, वारुळातला किंवा जाड दगडाखालचा जीव पुष्कळदा वाचतो. फुरसे दिवसा अशाच दगडाखाली वेटोळे घालून बसते. पाचोळ्याचे ढीग आणि पडलेले ओंडके मात्र तासन्‌तास धुमसत राहतात. त्यांत शिरलेली सापसुरळी वाचणे कठीण.

खरा कसोटीचा काळ आग विझल्यावर सुरू होतो. काळ्या, उघड्या जमिनीवर आडोसा उरत नाही, नाकतोडे कमी होतात आणि शिकारी पक्ष्यांना सगळे दिसते. तरीही सर्वांचे सारखेच नुकसान होते असे नाही. उन्हात बसणाऱ्या काही सरड्यांना विरळ गवत मानवते. ओलसर पाचोळ्यात राहणाऱ्या जातींना ते सोसत नाही. एकच उतार दरवर्षी जळला तर झुडपे वाढत नाहीत, आणि झाडोऱ्यावर राहणाऱ्या हरणटोळ, चापडा यांसारख्या सापांना तिथे थाराच उरत नाही.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर ‘सरडा सुपर्बा’ ही जात आढळते. २०१६ मध्ये हिचे शास्त्रीय वर्णन झाले, तेव्हा तिच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला (genus), नावच मराठी ‘सरडा’ या शब्दावरून दिले गेले. ऐन उन्हाळ्यात नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडतो. वणव्याचे दिवसही तेच. याच पठारावर पवनचक्क्या आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचा वावर कमी आणि या सरड्यांची दाटी जास्त आढळली. पण हे सरडे अंगाने बारीक होते आणि माणूस बराच जवळ आल्यावरच पळत. संख्या वाढली म्हणजे सारे आलबेल, असा अर्थ यातून काढता येत नाही.

कोकणात याहून मोठा बदल दगडावरच येतो आहे. आंबा-काजूच्या बागेसाठी सुरुंग लावून कातळ फोडतात, वरून माती आणून टाकतात आणि सुटे दगड वेचून बागेभोवती गडगा रचतात. वणव्यातून वाचवणारा आसरा म्हणजे हे सुटे दगडच. जळालेल्या सड्यावर पहिल्या पावसात गवत पुन्हा उगवते, फोडलेल्या कातळाचे तसे होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून १९६३ मध्ये वर्णन झालेली, अंगावर पांढरे पट्टे असलेली एक छोटी पाल दिवसा अशाच सुट्या दगडांखाली असते.