सायटेशनचा आकडा आला कुठून? मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्यांची थोडी मागची गोष्ट

नागपुरात बायोलॉजीच्या कुठल्याही प्रोफेसरचा परिचय वाचा, सत्काराचं पत्रक असो की सेमिनारचं बॅनर, डिग्र्या संपल्या की लगेच येतं, सायटेशन (म्हणजे पुढच्या पेपरांनी दिलेले हवाले) इतके, एच-इंडेक्स इतका. आपल्याकडे पर्यावरण संशोधनवाली नीरी आहे, कापूस संशोधन संस्था आहे, संत्र्यावाल्यांची संस्था आहे, युनिव्हर्सिटी तर आहेच, त्यामुळे असे परिचय भरपूर वाचायला मिळतात. पण हा आकडा नेमकं काय मोजून राहिला असं विचारलं तर बरेच जण "जास्त असला म्हणजे चांगलं" इथंच थांबतात.

मूळ आहे वकिलीत. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड्स सायटेशन्स नावाची सूची निघायची, एखाद्या निकालाचा हवाला पुढे कुठल्या कुठल्या खटल्यांत दिला गेला, तो निकाल अजून उभा आहे की फिरवला गेला, हे वकिलाला त्यात बघता यायचं. यूजीन गारफील्डने १९५५ मध्ये सायन्स जर्नलमध्ये लिहिलं की संशोधनाच्या पेपरांचंही असंच करता येईल. त्याला उचलून धरलं जोशुआ लेडरबर्गने, म्हणजे बॅक्टेरियाच्या जेनेटिक्सवर १९५८ चं नोबेल मिळालेला माणूस, आणि म्हणूनच पहिला मोठा प्रयोग झाला तो जेनेटिक्स सायटेशन इंडेक्सचा, १९६३ मध्ये. मग १९६४ ला सायन्स सायटेशन इंडेक्स, त्यात ६१३ जर्नलं. म्हणजे आज ज्या आकड्याने जीन्सवाले हैराण आहेत त्याची सुरुवातच जीन्सवाल्यांच्या पेपरांपासून झाली. आणि तेव्हा उद्देश फक्त शोधायचा होता, या पेपरवर पुढे कोणी काम केलं ते सापडावं म्हणून. इम्पॅक्ट फॅक्टरही, म्हणजे जर्नलच्या पेपरांना सरासरी किती हवाले मिळतात तो आकडा, जर्नलं निवडायसाठी काढला, माणसं निवडायसाठी नाही.

माणसाला आकडा चिकटला तो बराच नंतर. २००५ मध्ये होर्हे हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने एच-इंडेक्स काढला, तुमचे २० पेपर असे असतील की प्रत्येकाला किमान २० सायटेशन आहेत, तर तुमचा एच २०. सोपं, म्हणून पसरलं. २०११ नंतर गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलवर तो आपोआप दिसायला लागला, मग काय, सगळेच बघायला लागले.

आता गंमत बघा. २०१४ मध्ये नेचरने सर्वात जास्त सायटेशनवाल्या १०० पेपरांची यादी काढली. पहिला नंबर ओलिव्हर लॉरी आणि मंडळींचा १९५१ चा पेपर, प्रोटीन किती आहे ते मोजायची रीत, ३ लाखांच्या वर सायटेशन. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलेल्या पोट्ट्यांनी हे प्रॅक्टिकल नक्की केलं असणार, फोलिन रिएजंट टाकायचं, निळा रंग येतो, कलरीमीटरवर रीडिंग घ्यायचं, ग्राफ काढायचा. दुसरा लेम्लीचा १९७० चा (जेलवर प्रोटीन वेगवेगळे करायची रीत), तिसरा ब्रॅडफोर्डचा १९७६ चा, तोही प्रोटीनच मोजतो. आणि वॉटसन-क्रिकचा १९५३ चा डीएनएचा पेपर? पहिल्या शंभरात नाही, साधारण ५ हजार. डबल हेलिक्स, म्हणजे डीएनएचा पिळदार जिन्यासारखा आकार, आता सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठी कोण हवाला देत बसतो, पण प्रोटीन मोजलं की लॉरीचं नाव टाकावंच लागतं. माझ्या मते सायटेशन मुख्यतः वापर मोजतं, आणि बाकी सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

फ्रेडरिक सँगरचं बघा. इन्सुलिनसाठी १९५८ ला केमिस्ट्रीचं नोबेल, डीएनए सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचायच्या रीतीसाठी, १९८० ला दुसरं. सिक्वेन्सिंगचा १९७७ चा पेपर त्याच यादीत चौथा आहे. पण या दोन्हीच्या मधली काही वर्षं त्याला स्वतःलाच कोरडी गेल्यासारखी वाटली, सांगण्यासारखं फार हाती लागत नव्हतं. केंब्रिजने त्याला काम करू दिलं. आपल्याकडे २०१० नंतर यूजीसीने एपीआयचे पॉइंट (प्राध्यापकाच्या कामाचे गुण) लावले, पेपर मोजून प्रमोशन, तर त्या कोरड्या वर्षांत त्याचं फॉर्म भरताना काय झालं असतं कोण जाणे. पॉइंट आले तशी पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलंही बोकाळली, त्यांना आवरायला २०१९ मध्ये यूजीसी-केअरची, म्हणजे चालतील अशा जर्नलांची, यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करून निर्णय संस्थांवर सोडला.

आणि विषयाचाही फरक असतोच. संत्र्याच्या डिंक्या रोगावर, तो करणाऱ्या फायटोफ्थोरावर डीएनए लेव्हलला काम करणाऱ्याचे वाचकच मोजके, काटोल-वरुडच्या बागायतदाराला त्याचा फायदा झाला तरी तो काही पेपर लिहून हवाला देणार नाही. कॅन्सरवर काम करणाऱ्याचे वाचक जगभर. त्यामुळे दोघांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवून सिलेक्शन कमिटीत कोणी बोलायला लागला की आधी विचारावं, पेपर रीतीचा आहे की शोधाचा, लेखक किती जण आहेत, आणि त्यातले स्वतःच स्वतःला दिलेले हवाले किती.