इंडक्शन शेगडी आणि इंडक्शन हॉब: अडीचची वायर कुठे पुरते, कुठे नाही

दुकानात दोन्हींना ‘इंडक्शन’च म्हणतात. तीच काळी काच, चुंबक चिकटेल अशाच भांड्यांचा तोच हट्ट. त्यामुळे किचनचं काम काढलं की वायरमनला निरोप एवढाच जातो, “इंडक्शन येणार आहे.” तो ओट्यापाशी अडीचची वायर ओढतो, सोळा अँपिअरचा पॉइंट काढतो आणि मोकळा होतो. ओट्यावर ठेवायची शेगडी येणार असेल तर त्याचं काहीच चुकलं नाही. ओटा कापून बसवायचा चार झोनचा, म्हणजे चार भांडी एकदम तापवणारा हॉब येणार असेल, तर नव्या टाइल्स फोडायची तयारी ठेवा.

शेगडीचा हिशेब सोपा आहे. बहुतेक शेगड्या जास्तीत जास्त २००० वॅटच्या आसपास असतात. २३० व्होल्टने भागलं की ८.७ अँपिअर. अडीचची, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर भिंतीतल्या पाइपमधून साधारण १८ अँपिअर सोसते. कागदावर दीडचीही पुरते, पण त्याच लाइनवर उद्या ओटीजी येतो, म्हणून मी दीडच्या वाटेला जाणार नाही. इथे वायरीआधी सॉकेट दगा देतो. सहा अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून शेगडी चालवली, की पिनेच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी पडतं.

आता हॉब. चारही झोनचे मिळून ७४०० वॅट ही नेहमीची संख्या, म्हणजे ३२ अँपिअर. करंट पावणेचार पट झाला; पण वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. डीबीपासून, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनी जिथून निघतात त्या पेटीपासून, ओटा १५ मीटरवर आहे असं धरा, म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर वायर. अडीचच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ८ ओहम, तेव्हा इथे पाव ओहमच्या किंचित आत. शेगडी चालू असताना या अख्ख्या वायरीत १८ वॅट उष्णता होते. हॉब पूर्ण चालला तर तीच वायर जवळजवळ अडीचशे वॅट प्लास्टरच्या आत सोडते. सहाची वायर असती तर हा आकडा शंभरावर आला असता.

तरी सहाचीही पाइपमधून ३१ अँपिअरपाशी थांबते आणि हॉब मागतो ३२. “चारही झोन एकदम फुल कोण करतं?” असं वायरमन म्हणेल. गौरीजेवणाच्या दिवशी येऊन बघ म्हणावं. बऱ्याच हॉबमध्ये एकूण वॅटला मर्यादा घालायची सोय असते. ती लावणार असाल तर सहाची घ्या, नाहीतर दहाची. दोन झोनचा ३५०० वॅटचा हॉब मात्र १५ अँपिअरवर भागतो, त्याला चारची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ठीक. हॉब दोन झोनचा असो वा चार, लाइन डीबीपासून स्वतंत्र हवी, मधे दुसरा पॉइंट नको. मोठ्या हॉबला थ्री-पिन प्लग नसतोच, तो डीपी स्विचमधून (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणाऱ्या स्विचमधून) थेट जोडतात.

खरा धोका पुढेच असतो. अडीचच्या लाइनवर हॉब लावला की १६ चा एमसीबी पडतो, आणि कोणीतरी तिथे ३२ चा बसवून देतं. हॉब चालू होतो, सगळे खूश. एमसीबी वायरीसाठी असतो, हॉबसाठी नाही. ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरलाही तासभर न पडता राहू शकतो, आणि तेवढा वेळ १८ अँपिअरची वायर दुप्पट करंट वाहत राहते. एमसीबीचा आकडा वायरीच्या क्षमतेहून मोठा असता कामा नये, मग हॉब कितीही महागाचा असो.

वायर जाड टाकली म्हणून मंजूर भार वाढत नाही. महावितरणच्या बिलावर तो किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तिथे २ किंवा ३ दिसत असेल तर हॉबची ऑर्डर देण्याआधी भार वाढवायचा अर्ज करा, आणि टाइल्सवाल्याला त्यानंतरच बोलवा.