फाउंडेशन मालिकेचे कथाकाळानुसार वाचन

आयझॅक असिमॉव्ह (१९२०–१९९२) या अमेरिकी लेखकाच्या यंत्रमानव, साम्राज्य आणि फाउंडेशन या तीन कथामाला, प्रकाशनाचा क्रम बाजूला ठेवून, त्यांतल्या घटना ज्या क्रमाने घडतात त्या क्रमाने वाचण्याची पद्धत.

मुळात या माला स्वतंत्र होत्या. ‘फाउंडेशन’ची पहिली कथा मे १९४२ मध्ये ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकात आली आणि १९५१ ते १९५३ या काळात या कथांची तीन पुस्तके झाली. जवळपास तीस वर्षांनी, १९८२ मध्ये, चौथे पुस्तक निघाले. त्यानंतरच्या कादंबऱ्यांत असिमॉव्ह यांनी यंत्रमानवांचा काळ आणि आकाशगंगेचे साम्राज्य एकाच इतिहासात ओवले. म्हणजे ज्या काळरेषेवरून वाचक चालतो, ती बरीचशी मागाहून आखलेली आहे. पहिल्याच पुस्तकात याचा नमुना सापडतो. फाउंडेशन ही संस्था उभी करणारा गणितज्ञ हॅरी सेल्डन याच्यावरील खटल्याचा आरंभीचा भाग कथाकाळात सर्वांत आधीचा, पण तो लिहिला गेला १९५१ च्या पुस्तकासाठी, बाकीच्या कथा मासिकात येऊन गेल्यावर.

‘प्रिल्यूड टू फाउंडेशन’ (१९८८) या कादंबरीच्या आरंभी असिमॉव्ह यांनी स्वतःच १४ पुस्तकांची कथाकाळानुसार यादी दिली. यंत्रमानवांच्या कथा आधी, मग साम्राज्याच्या तीन कादंबऱ्या, शेवटी फाउंडेशन. मात्र लेखकाची यादीही बिनचूक नाही. तिच्यात ‘द करंट्स ऑफ स्पेस’ हे ‘द स्टार्स, लाइक डस्ट’च्या आधी येते. पहिल्यात ट्रँटॉर या साम्राज्याच्या भावी राजधानीच्या ग्रहाने निम्म्या आकाशगंगेवर ताबा मिळवलेला आहे, तर दुसऱ्यात त्या सत्तेचा मागमूसही नाही. त्यामुळे अनेक वाचक ही जोडी उलटी लावतात. लेखकाच्या निधनानंतर १९९३ मध्ये आलेली ‘फॉरवर्ड द फाउंडेशन’ ‘प्रिल्यूड’च्या लगेच पुढे बसते. ग्रेगरी बेनफर्ड, ग्रेग बेअर आणि डेव्हिड ब्रिन यांच्या १९९७–१९९९ मधील तीन कादंबऱ्याही सेल्डनच्याच हयातीतल्या आहेत.

या क्रमाने वाचताना हजारो वर्षांचा पट सलग उलगडतो आणि एका यंत्रमानवाचा दीर्घ प्रवास नजरेत राहतो. पण त्याची किंमत मोठी आहे. पृथ्वी किरणोत्सारी कशी झाली याचे उत्तर ‘रोबॉट्स अँड एम्पायर’मध्ये (१९८५) मिळते. ते आधीच कळले, तर ‘फाउंडेशन अँड अर्थ’मधला (१९८६) पृथ्वीचा शोध वाचकापुरता अर्धा संपलेला असतो. ‘प्रिल्यूड’मधला शेवटचा उलगडाही यंत्रमानवांच्या कादंबऱ्या वाचलेल्यालाच भिडतो, आणि साम्राज्य कोसळल्यावरचा अंधारकाळ हजार वर्षांवर आणण्याची सेल्डनची योजना कशी चालते हे मात्र मूळ तीन पुस्तकांत बहुतांशी त्याच्याविना, नुसत्या ध्वनिचित्रित संदेशांतून, हळूहळू समजण्यातच मौज आहे. म्हणून प्रथम वाचनाला प्रकाशनक्रम आणि पुनर्वाचनाला कथाकाळ, ही वाटणी अधिक सोयीची. कोणताही क्रम धरला तरी सेल्डनने आखलेल्या हजार वर्षांपैकी असिमॉव्ह यांची कथा जेमतेम पाचशे वर्षांपर्यंतच पोहोचते.